वडिलांच्या पॅरॅलिसिसनंतर मेंदूवरची पुस्तकं वाचताना

प्रश्न असा आहे. विचारणाऱ्या ताई माध्यमिक शाळेत शिकवतात. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या ७१ वर्षांच्या वडिलांच्या मेंदूत डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली आणि उजवं अंग गेलं. पाय आता बराच सुधारला आहे, काठी घेऊन ते घरातल्या घरात चालतात. हात मात्र अजून लुळाच आहे. बोलणं पार गेलं. दोनच शब्द येतात, 'नको' आणि 'बाई'. ताईंच्या भावानं अमेरिकेतून मेंदूवरची काही इंग्रजी पुस्तकं पाठवली. त्यातलं नॉर्मन डॉइज यांचं 'द ब्रेन दॅट चेंजेस इटसेल्फ' वाचल्यापासून घरात आशाही वाढली आणि वादही. भाऊ म्हणतो, पुस्तकातल्यासारखं कसून करून घेतलं तर बाबा पूर्ण बरे होतील. ताई विचारतात, ही पुस्तकं कितपत खरी मानायची, आणि वाचायचीच तर कोणती?

ताई, वाचायचंच, हे आधी सांगतो. मी २६ वर्षं मेंदूविकारांचे पेशंट तपासतो आहे. ओपीडीत एका पेशंटच्या वाट्याला जेमतेम दहा-बारा मिनिटं येतात. घरात कुणीतरी वाचणारं असलं की प्रश्न नेमके येतात, गोळ्या मधेच बंद होत नाहीत आणि झटका म्हणजे कुणाची करणी असं कुणी म्हणत नाही. त्यामुळे 'पुस्तकं बाजूला ठेवा' असं मी कुणाला सांगत नाही. वाचताना एक सवय मात्र लावून घ्या. पुस्तकातली गोष्ट वाचून झाली की स्वतःला विचारा, या गोष्टीत कोण नाही? कोणाला घेतलंच नव्हतं, कोण मधेच गळालं, पुढचं काय सांगितलेलं नाही? मला ही सवय बरीच उशिरा लागली. शिकत होतो तेव्हा मीही या गोष्टी जशाच्या तशा पाठ करत होतो आणि पुढे मुलांना शिकवतही होतो.

तुमच्या हातातल्या पुस्तकापासूनच सुरुवात करू. त्यातली पेड्रो बाख-य-रीटा यांची गोष्ट तुमच्या भावाच्या मनात घर करून बसली असणार. पेड्रो न्यू यॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवायचे. ६५व्या वर्षी झटका आला, अर्धं अंग आणि बोलणं गेलं. जॉर्ज हा त्यांचा मुलगा मेक्सिकोत डॉक्टरकी शिकत होता. त्यानं वडिलांना तिकडे नेलं आणि लहान मूल शिकतं त्या क्रमानं सगळं पुन्हा शिकवलं. आधी रांगणं, मग जमिनीवरच्या गोट्या उचलणं, मग भांडी घासणं. पेड्रो पुन्हा नोकरीवर रुजू झाले, शिकवू लागले. शेवटी ७२व्या वर्षी कोलंबियात डोंगर चढताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. शवविच्छेदनात दिसलं की मेंदूतली इजा तशीच मोठी होती. इजा भरून आली नव्हती, उरलेल्या मेंदूनं काम उचललं होतं. त्यांचा दुसरा मुलगा पॉल पुढे याच विषयातला मोठा संशोधक झाला.

ही गोष्ट खरी आहे आणि मला ती आवडते. पण इजा कुठे होती ते बघा. पेड्रो यांची मुख्य इजा मेंदूच्या बुंध्यात होती, म्हणजे मेंदूकडून मणक्याकडे जाणाऱ्या वाटेवर. तिथे झटका आला की जीभ, ओठ, घसा नीट हलत नाहीत आणि बोलणं अडतं. शब्द मात्र आत शाबूत असतात. तुमच्या वडिलांचं उलट आहे. त्यांच्या मेंदूत शब्द जिथे जुळतात तिथेच इजा झाली आहे. आम्ही याला अफेजिया म्हणतो, मराठीत वाचाघात. बाहेरून दोघंही मुकेच दिसतात. पण एकाच्या घराचा दरवाजा अडकला होता आणि दुसऱ्याच्या घरातलं सामान विस्कटलं आहे. एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला तितकाच लागू पडेल, असं त्या पानावरून ठरवता येत नाही.

दुसरी गोष्ट हाताची. त्याच पुस्तकात एडवर्ड टाऊब या अमेरिकन संशोधकाच्या उपचाराबद्दल वाचलं असेल. झटक्यानंतर माणूस धड हातानंच सगळं करायला लागतो. दुबळ्या हातात थोडीफार ताकद परतली तरी तो वापरलाच जात नाही, न वापरण्याचीच सवय जडते. टाऊब यांनी हे आधी माकडांवर दाखवलं. मग माणसांत धड हाताला मोजा घालून तो अडवायचा आणि दुबळ्या हाताकडून रोज काही तास काम करून घ्यायचं, असा उपचार बसवला. त्याची मोठी चाचणी अमेरिकेत झाली आणि २००६ मध्ये छापून आली. त्यात २२२ पेशंट होते. दोन आठवडे, जागेपणीचा बराचसा वेळ धड हातावर मोजा. फायदा झाला आणि वर्षभरानंतरही तो दिसत होता. पण मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी उचलता येतात, असेच पेशंट त्यात घेतले होते. ज्यांचा हात पूर्ण लुळा होता, ते त्या २२२ जणांत नव्हतेच.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा वडिलांना घेऊन ओपीडीत आला. म्हाताऱ्यांचा डावा, म्हणजे धड हात उपरण्यानं पोटाशी बांधला होता. उजवा पूर्ण लुळा, मांडीवर पडलेला. सकाळी सातपासून बांधलाय, मुलगा सांगत होता, दुपारी जेवायला सोडतो. मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांच्यासमोर सरकवला. त्यांनी ग्लासाकडे बघितलं, मुलाकडे बघितलं आणि मान खाली घातली. बोलता येत नव्हतं आणि खूण करायचा हात बांधलेला. तहान लागली आहे हे सांगायला त्यांच्याकडे काहीच उरलं नव्हतं. उपरणं सोडलं तर मनगटावर वळ उठले होते. ते सावकाश, थांबत थांबत ग्लासभर पाणी प्यायले आणि ग्लास पुन्हा पुढे केला. त्या मुलाचं प्रेम कमी नव्हतं, बिनपगारी रजा काढून तो वडिलांपाशी बसला होता. वाचलेलं तो मनापासून करत होता. कोणाचे हात त्या चाचणीत घेतले नव्हते, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून तुमच्या भावाला माझा निरोप द्या. बाबांचा डावा हात बांधू नका. उजव्या हाताची बोटं हलायला लागली की फिजिओथेरपिस्टशी या उपचाराबद्दल जरूर बोला. तोवर उजवा खांदा निखळू नये आणि बोटं आखडू नयेत म्हणून जे शिकवलं आहे ते नेमानं करा. आणि 'बाबा मनावर घेत नाहीत' हे वाक्य घरात बोलू नका. जिद्दीच्या गोष्टी वाचल्या की नकळत ते तोंडी येतं. झटक्यानंतर साधारण तीनपैकी एका पेशंटला नैराश्य येतं, आणि बोलता न येणाऱ्या माणसाचं नैराश्य कुणाच्या लक्षातही येत नाही. जेवण तुटलं असेल, पहाटे लवकर जाग येत असेल, व्यायामाला तोंड फिरवत असतील, तर डॉक्टरांना सांगा. त्यावर औषध आहे.

आता कोणतं पुस्तक वाचायचं. तुमच्या घरासाठी एकच सुचवायचं तर मी अलेक्सांद्र लुरिया या रशियन मेंदूतज्ज्ञाचं छोटं पुस्तक सुचवेन. इंग्रजीत ते 'द मॅन विथ अ शॅटर्ड वर्ल्ड' नावानं आहे. झासेत्स्की नावाचा २३ वर्षांचा सैनिक, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. मार्च १९४३ मध्ये स्मोलेन्स्कच्या लढाईत गोळी डोक्याच्या डाव्या बाजूनं, मागच्या भागात शिरली. जीव वाचला, पण जग तुकड्यातुकड्यांनी दिसायला लागलं. वस्तूची उजवी बाजू गायब. अक्षरं परक्या भाषेतल्यासारखी. हत्ती मोठा की माशी, यातही गोंधळ. अशा माणसाला पुन्हा लिहायला शिकवताना एक अक्षर आठवायला मिनिटंच्या मिनिटं जायची. एक दिवस त्याला सांगितलं, अक्षरांचा विचार करू नकोस, हात न उचलता शब्द सलग लिहून टाक. आणि हातानं लिहिलं! हाताची सवय शाबूत होती. लिहिलेलं त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण तो लिहीत राहिला. पंचवीस वर्षांत तीन हजार पानं, कधी दिवसाला अर्धं पान, कधी तेवढंही नाही. लुरियांनी त्याच्याच वहीतले उतारे पुस्तकात घातले आहेत, आणि मधेमधे मेंदूत काय बिघडलं आहे ते साध्या भाषेत समजावलं आहे.

या पुस्तकात झासेत्स्की बरा होत नाही. म्हणूनच मी ते सुचवतो. काय गेलं, काय राहिलं आणि राहिलेल्यातून वाट कशी काढली, हे त्यात एका माणसापाशी पंचवीस वर्षं थांबून सांगितलं आहे. सगळ्या माणसांसाठी नियम सांगायचा त्याचा आव नाही.

लुरियांची एक तपासणी मी आजही वापरतो. 'वडिलांचा भाऊ' आणि 'भावाचे वडील' एकच की वेगळे, हा प्रश्न झासेत्स्कीला सुटत नसे. माझ्याकडे एक शिंपी आले होते, डाव्या मेंदूच्या मागच्या भागात झटका आलेले. बोलायचे बऱ्यापैकी. घरच्यांची तक्रार अशी की सांगितलेलं ऐकत नाहीत, मुद्दाम उलटं करतात. मी विचारलं, "वडिलांचा भाऊ म्हणजे कोण?" ते बराच वेळ पुटपुटत राहिले, "वडील... भाऊ... आहेत की दोघंही." मग विचारलं, "काका कोण तुमचे?" लगेच उत्तर, "आमचे तात्या." वडील हा शब्द कळत होता, भाऊ कळत होता, काकाही कळत होता. दोन शब्दांमधला 'चा' निसटत होता. शाळेत आपण षष्ठीचा प्रत्यय म्हणून जो घोकतो तो एवढासा 'चा' सांभाळायला मेंदूचा केवढा भाग लागतो, हे मला लुरियांनी शिकवलं. सुनेला समजावलं की 'चहाच्या डब्यामागची बरणी द्या' असं म्हणू नका. बरणीकडे बोट दाखवा आणि 'बरणी' म्हणा. महिन्यानं आल्या तेव्हा म्हणाल्या, घरातली निम्मी भांडणं थांबली. तुमच्या वडिलांशीही असंच बोलून बघा. वाक्य छोटं ठेवा, एका वेळी एकच गोष्ट सांगा, टीव्ही बंद करा आणि उत्तराला भरपूर वेळ द्या.

ऑलिव्हर सॅक्स या मेंदूतज्ज्ञ लेखकाचं नाव तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. 'द मॅन हू मिस्टूक हिज वाइफ फॉर अ हॅट' (१९८५) वाचायला सुंदर आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट पुरावा म्हणून वापरू नका. मोठमोठ्या मूळ संख्या सांगणाऱ्या जुळ्या भावांची हकिगत घ्या. पुढच्या अभ्यासकांनी तिच्यावर शंका घेतल्या आहेत. माझ्या दृष्टीनं त्यांचं खरं मोठं पुस्तक 'अवेकनिंग्ज' (१९७३). पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली होती. तिच्यातून वाचलेले काही पेशंट पुढे दगडासारखे निश्चल झाले आणि न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या बेथ अब्राहम रुग्णालयात वर्षानुवर्षं पडून होते. १९६९ मध्ये सॅक्स यांनी त्यांना एल-डोपा हे पार्किन्सनवरचं औषध द्यायला सुरुवात केली आणि माणसं जागी झाली, बोलली, चालली. ऐकणारे बहुतेक इथेच थांबतात. पुस्तक थांबत नाही. काही आठवड्यांत, काही महिन्यांत अनावर हालचाली, भास, वर-खाली होणारं मन, हे सगळं सुरू झालं आणि सॅक्स यांनी तेही एकेका पेशंटबद्दल लिहिलं आहे. एल-डोपा आपल्याकडच्या खाजकुयलीच्या बियांतही असतं. पार्किन्सनच्या गोळ्या चालू असताना कुणी चुलत्याच्या सांगण्यावरून वर खाजकुयलीचं चूर्णही घेतं आणि अंग वेडंवाकडं हलायला लागलं म्हणून घाबरून माझ्याकडे येतं. त्यांना मी याच पुस्तकातलं सांगतो. औषध तेच आहे, डोस दुप्पट झालाय.

आता ज्याची गोष्ट तुम्हाला जवळजवळ प्रत्येक पुस्तकात भेटेल त्या फिनियस गेजबद्दल. १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातलं कॅव्हेंडिश गाव. रेल्वेसाठी खडक फोडायचं काम चालू होतं. २५ वर्षांचा मुकादम गेज छिद्रात दारू ठासत होता. ठिणगी पडली आणि पहार उडाली. साडेतीन फुटांहून लांब, सहा किलो वजनाची पहार डाव्या गालाच्या हाडाखालून शिरली आणि कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली. तो मेला नाही. बैलगाडीत बसून गावात गेला, डॉक्टरांशी बोलला. डॉ. जॉन हार्लो यांनी त्याला वाचवलं आणि पुढे लिहिलं की मित्रांच्या मते तो आता पूर्वीचा गेज राहिला नव्हता. शिवराळ, लहरी, कुणाचं न ऐकणारा. पाठ्यपुस्तकात आम्ही शिकलो ते एवढंच: कपाळामागचा मेंदू गेला की माणसाचा विवेक जातो. काही पुस्तकांनी तर त्याला दारुडा आणि भटक्या करून टाकलं.

या गोष्टीत जे नाही ते चिलीत आहे. १८५२च्या सुमारास गेज दक्षिण अमेरिकेत चिलीला गेला आणि जवळपास सात वर्षं तिथे घोडागाडी हाकत होता. बऱ्याच घोड्यांची मोठी गाडी, डोंगराळ रस्ता, अनोळखी मुलूख, अनोळखी भाषा, प्रवाशांशी देणंघेणं. पूर्ण बिघडलेल्या माणसाला कुणी हे काम सात वर्षं देणार नाही. १८६० मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, फिट्स येऊन तो सॅन फ्रान्सिस्कोजवळ वारला. कवटी आणि पहार आज हार्वर्डच्या संग्रहालयात आहेत. माल्कम मॅकमिलन या मानसशास्त्राच्या अभ्यासकानं मूळ कागदपत्रं शोधून २०००मध्ये त्याच्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याच्या स्वभावाबद्दलच्या मूळ नोंदी किती थोड्या आहेत आणि दर पिढीनं त्यात किती भर घातली, ते त्यातून कळतं. मॅकमिलन यांचं म्हणणं असं की गेज बऱ्याच प्रमाणात सावरला असावा, आणि गाडीच्या रोजच्या ठरलेल्या कामानं त्याला सावरलं असावं. मला ते पटतं, कारण मी तसे पेशंट बघितले आहेत. एका पेशंटला कपाळामागच्या मेंदूला मार लागला होता. घरी तो असह्य वागायचा, पण भावानं रोज पहाटे दूध घालायच्या फेरीवर सोबत नेलं तर सरळ असायचा. वर्षानुवर्षं आम्ही गोष्टीचा पहिलाच भाग शिकवत राहिलो. नातेवाइकांना 'आता हे असंच राहणार' असं सांगताना माझ्या मनात तोच असायचा. त्याची खंत वाटते.

माणसाच्या वागण्यावरच्या पुस्तकांत जास्त सावध राहा. मेंदूच्या पुस्तकात निदान एक माणूस आणि एक जखम तरी समोर असते. वागण्याच्या पुस्तकात कॉलेजच्या काही मुलांवरचा प्रयोग असतो आणि निष्कर्ष मात्र अख्ख्या मानवजातीबद्दल. डॅनिएल काहनेमन या मानसशास्त्रज्ञाचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' (२०११) हे या क्षेत्रातलं फार मोलाचं पुस्तक आहे, पण त्यातलं सूचक शब्दांच्या परिणामाचं प्रकरण आता डळमळलं आहे. म्हातारपणाशी जोडलेल्या शब्दांतून वाक्यं जुळवायला दिली तर विद्यार्थी हळू चालू लागतात, हा १९९६चा गाजलेला प्रयोग त्यात आहे. २०१२ मध्ये चालण्याची वेळ सेन्सरनं मोजून तो पुन्हा केला तेव्हा तसा परिणाम सापडला नाही. मग २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल आला. त्यातल्या साधारण ३६ टक्क्यांतच पुन्हा ठोस परिणाम दिसला. काहनेमन यांनी २०१७ मध्ये उघडपणे लिहिलं की छोट्या नमुन्यांवरच्या अभ्यासांवर आपण नको इतका विश्वास ठेवला. नोबेल मिळालेल्या माणसानं आपल्याच गाजलेल्या पुस्तकाबद्दल हे म्हणावं, याचा मला फार आदर वाटतो. पुस्तक मात्र दुकानात तेच मिळतं.

न्यायाधीशांची गोष्ट ऐकली असेल. इस्राएलमध्ये कैद्यांच्या पॅरोलच्या हजारावर निकालांचा अभ्यास २०११ मध्ये आला. सत्राच्या सुरुवातीला साधारण ६५ टक्के अर्ज मंजूर, जेवणाच्या सुट्टीआधी जवळजवळ शून्य. काहनेमन यांच्या पुस्तकात ती आहे, रॉबर्ट सापोल्स्की यांच्या 'बिहेव'मध्येही आहे. उपाशी न्यायाधीश निर्दय होतो, असं सांगत ती गावोगावच्या भाषणांत पोचली. पण त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की ज्या कैद्यांना वकील नव्हते त्यांचे अर्ज बहुधा सत्राच्या शेवटी येत. वकील नसलेल्याचा अर्ज तसाही कमी मंजूर होतो. वकिलांचं नावच नसलेल्या गोष्टीत सगळा दोष भुकेवर गेला. 'बिहेव' तरीही वाचण्यासारखं आहे. एका कृतीमागे एक सेकंद आधी मेंदूत काय झालं, तासाभरापूर्वी संप्रेरकांचं काय चाललं होतं, बालपणात काय घडलं, असं मागे मागे नेत ते सांगितलं आहे. रचना भक्कम आहे, सुटे दाखले तपासून घ्यावे लागतात.

मेंदूचा दहा टक्केच वापर होतो, डाव्या मेंदूची माणसं हिशेबी आणि उजव्या मेंदूची कलाकार, असलं काही दिसलं तर ते पुस्तक मिटून ठेवा. मेंदूत शंभर अब्ज चेतापेशी हा आकडाही जुना झाला. ब्राझीलमध्ये २००९ मध्ये नीट मोजल्या तेव्हा सरासरी ८६ अब्ज निघाल्या.

वैद्यकावरच्या पुस्तकांत अतुल गवांदे या अमेरिकेतल्या सर्जनचं 'बीइंग मॉर्टल' (२०१४) तुमच्या घरात सगळ्यांनी वाचावं. त्यांचे वडील आत्माराम हे विदर्भातल्या उटी गावचे, पुढे अमेरिकेत मूत्रविकारांचे सर्जन झाले. पुस्तकात आजोबा सीताराम भेटतात. शेतकरी, भरल्या घरात, नातवंडांच्या गराड्यात, जवळजवळ ११० वर्षं जगलेले. कोर्टाच्या कामाला जाताना बसमधून उतरत होते, बस हलली, पडले, डोक्याला मार लागला आणि गेले. हे वाचताना आपल्याला आपलंच गाव दिसतं. पण गवांदे तिथेच हळवे होऊन थांबत नाहीत. असं म्हातारपण घरातल्या कोणाच्या कष्टांवर उभं असतं आणि तरुण माणसं संधी मिळाली की वेगळं का राहू लागतात, तेही ते सांगतात. पुढे त्यांच्या वडिलांच्याच मणक्यात गाठ निघते, आणि दोन सर्जन त्यांच्याशी किती वेगळं बोलतात ते आपण बघतो. एक लगेच ऑपरेशन करू म्हणतो. दुसरा आधी विचारतो, तुम्हाला भीती कशाची वाटते, काय गेलेलं चालेल आणि काय चालणार नाही. हे प्रश्न तुमच्या वडिलांनाही विचारायचे आहेत. त्यांना बोलता येत नाही म्हणून त्यांच्या वतीनं सगळं ठरवू नका. चित्रं दाखवा, दोन पर्याय दोन हातांत धरा, मान हलवू द्या. मात्र त्यांचं 'नको' नेहमी नकोच असेल असं नाही. अफेजियात 'हो' म्हणायचं असतानाही 'नको' बाहेर पडतं. चेहरा बघून पुन्हा विचारा.

मराठीत वाचायचं असेल तर सुबोध जावडेकर आणि डॉ. आनंद जोशी यांचं 'मेंदूतला माणूस' घ्या, अवघड विषय आपल्या भाषेत आहे. अच्युत गोडबोले यांच्या 'मनात'मधून मानसशास्त्राचा इतिहास कळतो. डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हृदयावरचं असलं तरी आजारी माणसाच्या बाजूनं आजार कसा दिसतो ते त्यात आहे. तुमचे वडील वाचणारे असतील तर ते त्यांना वाचून दाखवा. लेखक स्वतः आजारी पडलेला डॉक्टर आहे, हे त्यांना जवळचं वाटेल. एका वेळी अर्धं पान पुरे.

राहिला वडिलांच्या बोलण्याचा प्रश्न. अफेजियात पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यांत वेगानं होते, पण नंतर ती थांबते हे खरं नाही. जर्मनीत २०१७ मध्ये एक मोठी चाचणी छापून आली. झटक्याला सहा महिने उलटून गेलेल्या दीडशेवर पेशंटना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास स्पीच थेरपी दिली आणि रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. तुम्ही आता लगेच विचाराल, यात कोण नव्हतं? सत्तरीपुढचे नव्हते. तुमचे वडील ७१ वर्षांचे आहेत. म्हणून त्यांना फायदा होणार नाही असं नाही. या चाचणीनं त्यांच्या वयाच्या माणसांचं मोजलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी माझ्या सत्तरीपुढच्या पेशंटना थेरपी देतोच आणि बहुतेकांना काही ना काही शब्द परत मिळतात. सगळे शब्द परत आलेला अशा मोठ्या झटक्यातला पेशंट मात्र मी क्वचितच पाहिला आहे. आठवड्याला दहा तास थेरपिस्ट मिळणं आपल्याकडे अवघड आहे, परवडतही नाही. तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा थेरपिस्टकडे जा आणि त्यांनी दिलेला अभ्यास घरी रोज दोन-तीनदा, वीस-वीस मिनिटं करून घ्या. ते दमले की थांबा.

संध्याकाळी दिव्यापाशी आरती म्हणताना त्यांना सोबत बसवा. ज्यांना पाणी मागता येत नाही अशी माणसं अख्खी आरती म्हणतात, वारांची नावं ओळीनं सांगतात, बेचा पाढा म्हणतात. पाठ झालेलं, तालावर बसलेलं बोलणं मेंदू वेगळ्या वाटेनं काढतो. आरती म्हणता आली म्हणजे उद्या बोलता येईल असं मानू नका, ती दोन कामं वेगळी आहेत. पण चार महिन्यांनी स्वतःचा आवाज ऐकून माणसाचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं आहे. थेरपिस्टनाही सांगा, त्या तालाचा उपयोग करून छोटी वाक्यं बसवता येतात.

आणि एक वही करा. दोनशे पानी, साधी. रोजची तारीख, कोणता शब्द आला, कोणासमोर आला, तेव्हा काय चाललं होतं, किती वाजले होते. 'नको' खऱ्या अर्थानं म्हणाले की सवयीनं, तेही लिहा. 'बाई' तुम्हालाच म्हणतात की सगळ्यांना, यावर पुढचा अभ्यास ठरेल. ओपीडीच्या दहा मिनिटांत मला जे कधीच दिसणार नाही ते त्या वहीत असेल, आणि ती माणसांबद्दलची सरासरी नसेल, एकट्या तुमच्या बाबांची असेल. डॉक्टरांकडे आणि थेरपिस्टकडे जाताना ती सोबत न्या. आजचं पान सुरू करा. दोन शब्द तुम्ही मला कळवलेच आहेत, तेच आधी लिहा.